टेबल का डुगडुगत नव्हतं

"मी परत येईपर्यंत त्या पेटीला हात लावायचा नाही," चपला घालता घालता बायको म्हणाली.

"मी कशाला लावू?" फोटोग्राफर म्हणाला आणि बोलता बोलता त्याने स्टेपलर उघडून सगळ्या पिना टेबलावर ओतल्या.

बायको धाकट्या बहिणीला आणायला स्टँडवर निघाली होती. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या पेटीत होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. कॅमेऱ्यातली कार्डं फोटोग्राफरने पुढच्या कामासाठी केव्हाच पुसली होती. सासरी या जावयाला 'भिंगरी' म्हणत. लग्नाचे फोटो भिंगरीकडे देऊ नका, असं अर्ध्या नातलगांनी बजावलं होतं. बायकोने भांडून ते काम त्याला मिळवून दिलं होतं. आज बहीण अल्बमसाठी फोटो निवडायला येणार, म्हणजे काही बिघडलं तर नाक कापलं जाणार ते आधी बायकोचं.

पेटी मात्र मोठी गुणाची. कॉम्प्युटरला जोडलेली, आत दोन डिस्क. जे एकीवर तेच दुसरीवर. एक बिघडली तर कॉम्प्युटर बंदसुद्धा करायचा नाही. ती ओढून काढायची, नवी सरकवायची, की पेटी आपणहून सगळं नवीवर उतरवते. दुकानदाराने विकताना चालू पेटीतून डिस्क खेचून दाखवली होती. तेव्हापासून फोटोग्राफरही घरी येईल त्याला ही करामत दाखवत असे. लोक घरी आलेल्याला तान्हं बाळ दाखवतात, हा पेटी दाखवायचा.

थोडा वेळ तो गप्प बसला, म्हणजे नुसता पाय हलवत बसला. टेबल मुळातच एका पायाने लंगडं. तेही त्याच्याबरोबर डुगडुगत राहिलं. तेवढ्यात कुरियरवाला आला. जादा म्हणून मागवलेली नवी डिस्क घेऊन.

"काय आहे हो यात?" त्याने सहज विचारलं. एवढं पुरे होतं.

"या, आत या! चालू मशीनमधून डिस्क काढलेली बघितलीय कधी?" फोटोग्राफरने डावी डिस्क खटकन ओढली. पडद्यावरची नवरी हसतच राहिली.

"आयला! काहीच झालं नाही."

"होणारच नाही. आता ही नवी घालतो."

नवी डिस्क आत गेली आणि तिचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. नक्कल पुरी व्हायला संध्याकाळ होणार होती. कुरियरवाला गेल्यावर फोटोग्राफरने टेबल आवरलं, पिना भरल्या, खुर्च्या सरकवल्या, आणखी काहीबाही केलं. हातांनी काय केलं ते डोक्याला कळवायची त्याच्याकडे पद्धत नव्हती.

मग शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक पेपर मागायला आले. त्यांनाही पेटीचे गुण ऐकावे लागले.

"चालू यंत्रात हात घातला की ते बिघडणारच," ते म्हणाले.

"बघायचंय?"

डावीचा दिवा लुकलुकत होता. म्हणून मोठ्या शहाणपणाने त्याने उजवी ओढली. पडद्यावरची नवरी नाहीशी झाली आणि पेटीने लांबलचक शिटी मारली.

"मी म्हणालो नव्हतो?" मुख्याध्यापकांनी पेपर काखेत मारला आणि काढता पाय घेतला.

फोटोग्राफरने डिस्क घातली, काढली, पुन्हा घातली. दिवा लाल तो लालच. शेवटी त्याने पेटी दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"डावीवर नक्कल चालू होती, तर उजवी कशाला काढलीत?"

"ती रिकामी बसली होती."

"रिकामी? अहो, सगळं तिच्यावरनंच तर उतरत होतं! आता घालून-काढून तिचीही वाट लावली असेल. आधी काढलेली जुनी डिस्क शोधून ठेवा, ती शाबूत असणार. आलोच मी. आणि कशाला हात लावू नका."

जुनी डिस्क! फोटोग्राफरने कपाट उपसलं, गाद्या उलट्या केल्या, डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. डिस्क नाही. दारात मात्र बायको, मेहुणी आणि त्यांच्या मागोमाग दुरुस्तीवाला हजर.

"भावोजी, फोटो दाखवा ना!"

"आधी चहा घे. मी करतो."

त्याने आपणहून चहा करतो म्हटल्यावर बायकोला कळायचं ते कळलं. दुरुस्तीवाल्याने उरलेलं सांगितलं. मेहुणीचा चेहरा पडला.

"सगळ्यांशी भांडले होते मी तुमच्यासाठी," बायको हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

दुरुस्तीवाल्याने काठोकाठ भरलेला कप टेबलावर ठेवला. "टेबल दुरुस्त केलंत वाटतं? मागच्या खेपेला अर्धा चहा माझ्या पँटवर सांडला होता."

"नाही बुवा," फोटोग्राफर म्हणाला, आणि एकदम सगळेच खाली वाकले. लंगड्या पायाखाली जुनी डिस्क फिट्ट बसवलेली होती.

ती पेटीत गेली. दुरुस्तीवाल्याने बराच वेळ खटाटोप केला आणि पडद्यावर नवरी पुन्हा हसू लागली. मेहुणीने भराभर सगळे फोटो चाळले. "ताई, सगळे आहेत गं! आणि काय सुंदर आलेत!"

"आता नवीवर पुन्हा नक्कल चालू झालीय," दुरुस्तीवाला म्हणाला.

"म्हणजे मशीन चालू असताना खरंच डिस्क काढता येते?" मेहुणीने विचारलं.

"येते की!" दुरुस्तीवाल्याला भलताच हुरूप आला. "हे बघा, ही अशी—"

"हात लावू नका!" फोटोग्राफर ओरडला.

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य या घरात आजवर फक्त तीच म्हणत आली होती. तिने आपला कप त्याच्यापुढे सरकवला. टेबल डुगडुगलं, चहा सांडला, आणि ती हसतच फडकं आणायला उठली.