हरणीची शिंक आणि राजमान्य चेंडू

एका जंगलात, मुलांनो, माद्या शिंकत नसत. शिंक आली की नाक दाबून, पाय जुळवून उभ्या राहत. खोकल्याचंही तेच. ओढ्यावरून उडी मारायची वेळ आली, तर लांबून वळसा घालत. कुणी विचारलं तर म्हणत, "काही नाही, जरा थकवा आहे."

तुम्ही लहान आहात, तरी खरं कारण सांगतो. पिल्लं झाल्यावर त्यांचे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडले होते आणि शिंकेसरशी थोडी लघवी होत असे. त्या जंगलात हे मोठ्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

हेमांगी हरणी कळपात सगळ्यांच्या पुढे धावायची. तिसरं पाडस झालं आणि तिचीही तीच गत झाली. पळताना मागे वास राहू लागला. बिबट्याला तेवढा माग पुरतो.

कळपाचे प्रमुख भालचंद्रराव काळवीट यांनी तिला बोलावून घेतलं आणि तिच्याकडे न बघता सांगितलं, "वहिनी, उद्यापासून तुम्ही मागून चला. जरा अंतर ठेवून. कळपाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या?"

"तुमचा त्याग कळप विसरणार नाही."

हेमांगी तडक डॉक्टर घोरपडबाईंकडे गेली. पकड या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. कड्याला चिकटल्या की वादळातही हलत नसत. तोंडाने मात्र फटकळ.

"लाजतेस काय? लघवी मध्येच थांबवताना जे आवळतेस, ते आवळ. मग पूर्ण सोड. श्वास कोंडू नकोस. आधी एवढं जमू दे, मग हे." असं म्हणून त्यांनी दोरी लावलेले, आवळ्याएवढे दोन गुळगुळीत चेंडू पुढे ठेवले. ते आत ठेवायचे आणि स्नायूंनी धरून चालायचं. पकड आली की थोडे जड घ्यायचे.

हा शोध कुणाचा, असं हेमांगीने विचारलं, तेव्हा बाई हसल्या. पूर्वेकडच्या जंगलातली कुठलीशी राणी असे चेंडू वापरायची म्हणे. विकणारे तसं सांगतात. राणीला कुणी पाहिलेलं नाही. पुढे पश्चिमेच्या जंगलात एका डॉक्टरसाहेबांनी पकड मोजायचं यंत्र काढलं आणि व्यायामाला त्यांचं नाव पडलं. त्याआधीही जाणत्या माद्या बाळंतिणींच्या कानात हेच सांगत होत्या. पण कानात सांगितलेल्या गोष्टीला कुणाचं नाव पडत नाही.

पावसाळा सरेपर्यंत हेमांगीने नेमाने व्यायाम केला. एका सकाळी ती ओढ्यावरून उडाली आणि पलीकडे कोरडी उतरली. मग तिने मुद्दाम नाकात गवताची काडी घातली आणि पोटभर शिंकून घेतलं.

तिथून ती घोरपडबाईंना घेऊन सिंहाच्या दरबारात गेली. आपली पुढची जागा तिला परत हवी होती आणि हा व्यायाम सगळ्याच माद्यांना शिकवावा, असं तिचं म्हणणं होतं.

पण दरबाराचा एक रिवाज होता. माद्यांच्या शरीराबद्दल सभेत काही बोलायचं नाही. हेमांगी 'लघवी' म्हणाली आणि मंत्री कोल्ह्याने घंटा वाजवली. घोरपडबाई 'स्नायू'पर्यंत पोचल्या. पुढच्या शब्दाला त्यांना बाहेर नेलं आणि त्यांच्या दवाखान्याला कुलूप लागलं. विषय नाजूक, म्हणून समिती नेमली. माद्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून समितीत सगळे नर घेतले. अध्यक्ष भालचंद्रराव.

समितीला एवढंच कळलं होतं की चेंडू हवा. केवढा आणि कशासाठी, हे विचारणं रिवाजात बसेना. सिंह म्हणाला, "माझ्या राज्यात लहानसहान काही वाटायचं नाही." झालं. कलिंगडाएवढे चेंडू तयार झाले. वर सिंहाचं चित्र, खाली सूचना : योग्य ठिकाणी ठेवावा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते वाण म्हणून लुटले. अस्वलीणबाईंनी आपला चेंडू देव्हाऱ्यात ठेवला. रानडुकरीणबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून दारात टांगला. नीलगाईने पिल्लांना खेळायला दिला. कोल्ह्याने जाहीर केलं की वाटप झाल्यापासून एकही तक्रार आलेली नाही. ते खरंच होतं. आधीही येत नव्हती.

मग यशाचा सोहळा झाला. हारतुरे, गुलाल, व्यासपीठ. भालचंद्ररावांचं भाषण लांबलं. हेमांगी नेमून दिल्याप्रमाणे सगळ्यांच्या मागे, अंतर ठेवून उभी होती. तेवढ्यात जमीन हुंगत बिबट्या आला.

सगळ्या माना हेमांगीकडे वळल्या. "तरी मी सांगत होतो, हिला आणू नका," भालचंद्रराव माइकवरूनच म्हणाले.

गुलाल नाकात गेला होता. हेमांगी सणसणीत शिंकली आणि त्याच झटक्यात बिबट्याच्या डोक्यावरून पलीकडे उडाली. ती उभी होती ती जागा बिबट्याने हुंगली. कोरडी होती. तो वळला आणि सरळ व्यासपीठावर चढला.

टेबलाच्या झालरीखालून एक ओघळ येत होता.

भालचंद्ररावांचं वय झालं होतं. भाषणाआधी ते झुडपामागे जात, भाषणानंतरही जात आणि मधल्या वेळात देवाचं नाव घेत. कळपामागे राहणारा वास एकट्या हेमांगीचा कधीच नव्हता. बिबट्याने त्यांची शेपटी नेली. बाकीचे भालचंद्रराव समितीने ओढून वाचवले.

दुसऱ्याच दिवशी रिवाज बदलला. सिंहाने भर दरबारात 'लघवी' हा शब्द उच्चारला आणि सभेने त्याच्या धैर्याला टाळ्या दिल्या. दवाखान्याचं कुलूप निघालं. घोरपडबाईंना सन्मानाने बोलावून आणलं. जो व्यायाम नरांनाही लागू पडतो, त्याला 'भालचंद्र व्यायाम' असं नाव मिळालं. खुद्द भालचंद्ररावांना संरक्षणासाठी कळपाच्या मधोमध चालवू लागले.

हेमांगीने मागून चालावं, हा हुकूम मात्र अजून कुणी रद्द केलेला नाही. ती सगळ्यांच्या पुढे धावते. हुकमाची आठवण द्यायची तर आधी तिला गाठावं लागतं.

तात्पर्य : मुलींनो, आपलं दुखणं सभेत सांगण्याची घाई करू नये. ते एखाद्या अध्यक्षांना होईपर्यंत धीर धरावा. तोवर शिंक दाबून ठेवावी.