सांगून येणारा फुलबॅक

समोरच्याच्या अंगावर जाण्याआधी त्याला रीतसर कळवणारा फुलबॅक मी आयुष्यात एकच पाहिला. सुखदेव रामटेके. तुम्ही चेंडू घेऊन त्यांच्या बाजूने उतरलात, की समोरून आवाज यायचा, "सांभाळजो गा, येऊन राहिलो!" पंचाईत एवढीच, की वाक्य संपायच्या आत सुखदेवभाऊ पोचलेले असत. शेवटचं 'राहिलो' ऐकू यायचं ते आपण जमिनीवर आडवे झाल्यावर.

एका पंचाने त्यांना एकदा समज दिली. ओरडून समोरच्याला बिचकवायचं नाही, नियमात बसत नाही. सुखदेवभाऊंनी दोन्ही हात मागे बांधून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, न सांगता कोणाच्या अंगावर जाणं आमच्या घरी शिकवलं नाही. तत्त्वाची गोष्ट हाये." पंचाने शिट्टी फुंकून खेळ पुढे सुरू केला. त्यानंतर त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही.

तत्त्वाची गोष्ट त्यांना दिवसातून किती वेळा सापडायची, त्याला हिशेब नव्हता. राहायचे कामठीला आणि कामाला नागपुरात, लकडगंजातल्या एका आरा मशीनवर, लाकडं कापायला. रोज सायकलने येणं-जाणं. वाटेतलं रेल्वे फाटक उघडं असलं तरी हे सायकलवरून उतरायचे, दोन्हीकडे मान वळवून पाहायचे, मग सायकल हातात धरून रूळ ओलांडायचे. मागचे लोक शिव्या घालायचे. "फाटक उघडं हाये म्हणजे गाडी येत नाही, असं लिहून देल्लं काय कोणी?" सामन्याच्या दिवशी चड्डीला कडक इस्त्री. बुटांना आणि डोक्याला एकच खोबरेल तेल. बुटका, रुंद माणूस, आणि भुवयांत कायम लाकडाचा भुसा. आंघोळ करूनही तो निघत नसावा. कपाळाला आठी पडली की थोडा खाली सांडायचा.

अशा माणसाने माझा गुडघा मोडला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आमच्या ऑफिसच्या फुटबॉल संघात लेफ्ट आउट होतो, म्हणजे डाव्या कडेने चेंडू घेऊन पळणारा, आणि मी बरा खेळायचो हे आता सांगायला हरकत नाही. विदर्भाच्या संघासाठी माझं नाव चाललं होतं. होळीच्या आसपासचा सामना. काळी जमीन, उन्हाने भेगाळलेली. चेंडू घेऊन निघालो, समोरून आरोळी आली, मी ती ऐकलीसुद्धा. वाटलं, वाक्य पुरं व्हायच्या आत निसटतो. चेंडू बाहेरच्या अंगाने काढला आणि माझा डावा बूट भेगेत अडकला. त्याच क्षणी ते आले. चेंडू त्यांनी स्वच्छ मारला. माझं अंग वळलं, पाय तिथेच राहिला. आतून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. पंचाने शिट्टी वाजवली नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. "लिगामेंट तुटलंय. चालायला लागशील, काळजी नको," ते म्हणाले. चांगला माणूस होता. मी फुटबॉलचं विचारल्यावर चष्मा पुसत बसला. "फुटबॉल आता रेडिओवर ऐकायचा."

दुसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ वॉर्डात हजर. हातात फळ नाही, बिस्किटाचा पुडा नाही. उशाशी माझी आई बसली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "विलास, तो फाऊल नव्हता गा."

आई उठलीच. "पोराचा पाय मोडून वर तोंड घेऊन आले? निंघा अठून!"

"निंघतो माय. पण तत्त्वाची गोष्ट हाये. मी सांगतलं होतं त्याले."

ते गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी त्यांनी माझ्या चादरीवर मैदान मांडलं. खोकल्याच्या औषधाची बाटली म्हणजे मी, पाण्याचा पेला म्हणजे ते. "तू असा आला. मी असा. आता सांग, पेल्यानं बाटलीले कुठी धक्का देल्ला?" शेजारच्या खाटेवरचा हर्नियाचा पेशंट उठून बसला आणि म्हणाला, बाटली उगाच तिरकी गेली. दोन दिवसांत वॉर्डात दोन तट पडले. नर्सने बाटली आणि पेला दोन्ही उचलून नेले, तरी वाद चालूच राहिला.

मला त्यांचा राग यायचा. खरं सांगतो, दिवसभर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, त्यामुळे राग मन लावून यायचा. ते गेले की मी रात्रभर नवे मुद्दे काढत पडायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर प्लास्टर निघालं. आत पाय म्हणून जे होतं ते पाहून आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मांडी मनगटाएवढी. गुडघा लाकडासारखा ताठ. डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडा वाकवायचा, मांडीला ताकद आणायची. घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. वाकवला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कशासाठी वाकवायचा? रेडिओ ऐकायला गुडघा लागत नाही.

संध्याकाळी आरा मशीन सुटल्यावर सुखदेवभाऊ आले. दारात सायकल लावली, खाटेशी स्टूल ओढलं. "त्या दिवशी तुझा गुडघा किती वाकला होता? दाखव."

"नाही वाकत."

"मंग तू कशाच्या जोरावर म्हणतो फाऊल होता? तोंडी नाही चालत. दाखव."

मी चिडून दाखवला. घामाने बनियन भिजलं. त्यांनी भुवया आकसल्या, भुसा सांडला. "एवढाच? मंग तर फाऊल नव्हताच. एवढ्या ताठ पायानं तू माझ्याबाजून निंघूच शकत नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी जरा जास्त वाकवला. तिसऱ्या दिवशी आणखी. त्यांना खोटं पाडण्यासाठी मी काय काय सोसलं! डॉक्टरांनी सुधारणा पाहिली आणि विचारलं, काय करतोस? मी म्हटलं, भांडतो.

मग त्यांनी लाकडं आणायला सुरुवात केली. आरा मशीनवरचे तुकडे, सगळे एका मापाचे कापलेले, मधून पट्टा ओवलेला. तो पट्टा पावलाला बांधायचा आणि खाटेवर बसून पाय सरळ करायचा. पहिला तुकडा काटेसावरीचा, कागदासारखा हलका. तोही उचलेना. मग सागाचा आला. मग बाभळीचा. शेवटी त्यांनी एक काळपट ठोकळा खाटेखाली नुसता सरकवून ठेवला. "हा धावडा हाये. बैलगाडीचा आस याचा करतेत. हा उचलशील त्या दिवशी मैदानात ये. तवरिक येऊ नको, मी परत मोडीन."

आईने पहिले काही दिवस त्यांना पाणीही विचारलं नाही. मग एका पावसात ते चिंब भिजून आले, तेव्हा तिने पंचा दिला. तोही फेकल्यासारखा. पुढे चहा सुरू झाला. श्रावण लागेपर्यंत परिस्थिती अशी झाली, की त्यांना उशीर झाला तर आई दारात जाऊन मला म्हणायची, "काहून नाही आले गा आज? सायकल तं नाही पंक्चर झाली?"

पाय उचलून घेता घेता ते सामन्यांच्या गोष्टी सांगायचे. काल अमक्या संघाशी खेळलो. परवा तमक्याशी. "नवीन लेफ्ट आउट आला हाये एक. तुझ्यापेक्षा बरा हाये." मी खडबडून पाय उचलायचो. "किती बरा?" "लय बरा. दोनदा माझ्याबाजून गेला. तू एकदाही नाही गेला." त्या पोराचा मी इतका द्वेष केला, की बाभूळ माझ्याकडून कधी सहज उचलली जाऊ लागली ते कळलंच नाही.

पोळ्याच्या सुमारास मी काठी घेऊन चालायला लागलो होतो. एका रविवारी कोणाला न सांगता कामठीची बस पकडली. सुखदेवभाऊंचा सामना होता, त्यांनीच सांगितलं होतं. म्हटलं, तो नवा लेफ्ट आउट तरी पाहू.

सामना चालू होता. सुखदेवभाऊंच्या, म्हणजे राइट बॅकच्या, जागी कोणी उंच, काटकुळा माणूस होता. तो काहीच न सांगता अंगावर जात होता. मध्यंतरात त्यांचा गोलकीपर रशीद ओळखीचा म्हणून भेटायला आला. मी विचारलं, "सुखदेवभाऊ आज बसले का?"

"आज?" रशीद म्हणाला. "तेरे को लगने के बाद वो उतरेच कहाँ मैदान में? पूरी टीम घर पे जाके बैठी, नहीं माने. बोले, अब पाँव नहीं उठता."

"आणि तो नवा लेफ्ट आउट?"

"कौनसा नया?"

मी सामना अर्धा सोडून परत निघालो. बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. बाहेर काय काय गेलं ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. स्टूल ओढलं आणि कालचा सामना सांगायला लागले. पावसाने मैदान कसं घसरडं होतं, तो लेफ्ट आउट कसा आला, यांनी त्याला कसं बजावलं. हात हवेत उडवून, आवाज काढून, सगळं. मी पूर्ण ऐकलं. मध्येच "मग?" असंही विचारलं. मग वाकून खाटेखालचा धावडा ओढला, पट्टा बांधला आणि उचलला. पाय थरथरत होता, पण सरळ झाला. मी तो तसाच धरून म्हटलं, "भाऊ, आता तुम्ही मैदानात उतरायचं."

"मी तं खेळूनच राहिलो."

"हो. पण माझ्यासमोर. त्या दिवशीचा निकाल लागायचा आहे. औषधाच्या बाटल्यांनी नाही लागत तो."

त्यांनी पट्टा सोडला, ठोकळा कापडाने पुसला, जो मुळीच मळला नव्हता.

दसरा झाल्यावर कन्हान नदीच्या पात्रात वाळू उघडी पडली, तेव्हापासून आम्ही पहाटे तिथे धावायला लागलो. वाळूत पाय रुततो, मांडी तयार होते. मी म्हटलं, एकटा धावणार नाही. मग तेही धावले. पोट सुटलं होतं, दम लागायचा. बसून घेतलं की म्हणायचे, "मी थकलो नाही. तुले सोबत म्हणून बसलो." मी उभाच असायचो.

हिवाळ्यात आमचा त्यांच्या संघाशी सामना ठरला. आमच्या कॅप्टनने मला घ्यायला कां-कूं केलं. डॉक्टरांनी गुडघा चारी बाजूंनी दाबून पाहिला, मला ऊठबस करायला लावली आणि म्हणाले, "माझ्या शब्दावर खेळू नकोस, तुझ्या शब्दावर खेळ." आई मैदानावर आली होती. तिला फुटबॉलमधलं इतकंच कळायचं, की माझ्या अंगात पिवळं आहे.

मला चेंडू मिळाला. डाव्या रेषेवरून निघालो. समोर सुखदेवभाऊ, चड्डीला इस्त्री. ते आलेच नाहीत. आवाज नाही, काही नाही. बाजूला सरकले आणि वाट दिली. दुसऱ्यांदाही तेच. प्रेक्षक त्यांची टिंगल करू लागले, "भाऊ, हार घालता का पाहुण्याले?" तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा मी तो पायाखाली दाबून त्यांच्यासमोर उभा राहिलो. भर सामन्यात.

"काहून येत नाही भाऊ? मी काय अजून दवाखान्यात आहे?"

"मले नाही जमत गा," ते हळूच म्हणाले. "नको जिद्द करू."

"मी इतके महिने तुमच्यासाठी गुडघा वाकवला. आणि तुम्ही वाट देता? अपमान करता माझा?"

मागून आमचा कॅप्टन माझ्या नावाने ओरडत होता. मी चेंडू पुढे ढकलला आणि पळालो. काही पावलं शांतता. मग मागून, फाटक्या आवाजात, ओरडावं तसं, रडावं तसं, "सांभाळजो गा, येऊन..."

चेंडूवर त्यांचा पाय बसला तो इतका नेमका, की मी हवेत गेलो आणि डाव्या पायावरच पडलो. मी जमिनीवर होतो आणि सुखदेवभाऊ डोळे गच्च मिटून उभे होते. मी गुडघ्याला विचारलं, काय म्हणतोस? तो काही म्हणाला नाही. मी उठलो, चड्डीची माती झटकली आणि थ्रो घ्यायला धावलो. काय टाळ्या पडल्या! आईसुद्धा वाजवत होती. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

त्यानंतर ते आले, प्रत्येक वेळी आले. भर हिवाळ्यात दोघांच्या अंगातून वाफा निघत होत्या. बहुतेक वेळा चेंडू त्यांनीच नेला. सामना संपत आला असताना मी एकदा, एकदाच, आतल्या अंगाने वळलो. त्याच डाव्या पायावर सगळं वजन टाकून. ते बाहेरच्या बाजूला गेले आणि मी मोकळा झालो. क्रॉस मारला, आमच्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने गोल केला. त्यांच्या संघातले सगळे कपाळाला हात लावून उभे. सुखदेवभाऊ मात्र रशीदला धरून सांगत होते, "पाह्यलं? पाह्यलं कसा वळला? असा वळणारा पुऱ्या नागपुरात दुसरा दाखव मले!" रशीद जाळीतला चेंडू काढत म्हणाला, "भाई, गोल अपने को हुआ है."

सामना सुटला, लोक पांगले. मी कपडे बदलून आलो, तर ते रेषेबाहेर गवतावर एकटेच बसलेले. पाय लांब केलेले, बूट अजून पायात. बुटाच्या गाठीशी झटत होते. माझ्या पायाचा पट्टा रोज सोडणाऱ्या त्या हातांना नाडीचं टोक सापडेना.

मी त्यांच्या पुढ्यात गेलो आणि डावा गुडघा वाकवून जमिनीला टेकला. पूर्ण. बुटाची गाठ सोडायला लागलो.

"पाय काहून धरून राहिला बे? हट," ते म्हणाले. पण पाय ओढून घेतला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. मान खाली घालून माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिले.

"दुखून राहिला काय?"

"नाही भाऊ."

गाठ सुटली होती. मी उठायला लागलो, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"मंग राह्य थोडा वेळ तसाच," ते म्हणाले. "पाहू दे."