मार्थाबाईंची पोथी

बडनेऱ्याला चारुशीलेला तिच्या भावासोबत अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं आणि कमलाकांत वकिलांनी स्टेशनवरच्या स्टॉलवर एक कादंबरी विकत घेतली. एवढंच झालं. पुढच्या साऱ्या प्रकाराला ती कादंबरीच जबाबदार आहे, असं ते आजही सांगतात. (कादंबरीची बाजू कोणी ऐकलेली नाही.)

बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघालेली, पुढचे चार महिने घरात एकटं राहायचं, आणि समोर मुखपृष्ठावर कंदील घेऊन पळणारी देखणी नर्स, तिच्यामागे पिस्तूल धरलेला हात! माणसानं दुसरं काय घ्यावं? घरी येऊन पाहतात तर पुस्तक कुठल्याशा मिशनच्या छापखान्यातलं. नायिका सिस्टर मार्था, नायक डॉक्टर, विहिरीत कोणीतरी पडल्याचा आवाज, आणि विहिरीमागे दबा धरून बसलेला खलनायक. वकीलसाहेब खूश झाले. पण त्या खलनायकानं पिस्तूल रोखलं रे रोखलं की मार्था गुडघे टेकून प्रार्थनेला बसायची, आणि ती प्रार्थना चार पानं चालायची. तोवर तो बिचारा हात ताणून उभा. डॉक्टर दोनदा म्हणाला, "मार्था, मला तुम्हांला काही सांगायचं आहे," आणि दोन्ही वेळा नेमकी चर्चची घंटा झाली.

तरी ते वाचत राहिले, कारण घर खायला उठलं होतं. वकिली आधीच बेताची. अमरावती मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेली, पण पक्षकारांना त्यांच्या घराची वाट काही सापडली नाही. कोर्टात त्यांचं कोणी ऐकत नसे. ऐकायची ती एकटी चारुशीला, आणि ती आता अकोल्याला. दिवेलागणीला निदान स्वतःचा आवाज तरी कानावर पडावा म्हणून ते मोठ्यानं वाचू लागले. मार्थाचा आवाज बारीक, खलनायकाचा जाड.

"सोडा मला! मी एकटी अबला आहे!" असं ते एका संध्याकाळी बारीक आवाजात ओरडले आणि मागच्या मळ्यातली पार्बताबाई विळा घेऊनच ओसरीवर चढली. मागोमाग तिची सून शालू.

"कोन बाई आनली जी घरात, वकीलसायेब? बायकोची पाठ फिरली नाही तं..."

"बाई? छे छे! मी... मी पोथी वाचतोय." श्रावण होता, म्हणून तोंडात तेच आलं.

पार्बताबाईनं घरात नजर फिरवली. बाई नव्हती. दुपारचं उष्टं ताट होतं, सकाळचं अंथरूण होतं आणि हातात पुस्तक धरून लाल झालेले वकीलसाहेब होते.

"बरं," ती म्हणाली. "मंग उद्यापासून आमी येतो आयकाले."

दुसऱ्या दिवशी दोघी हातपाय धुऊन आल्या, शेजारच्या गंगूबाईलाही घेऊन आल्या. पुस्तकावर जास्वंदीची फुलं वाहिली, पुढं दोन पेरू ठेवले. आता आली का पंचाईत! वकीलसाहेब भिक्षुकाच्या घरात वाढलेले. श्रोते बसवून लावलेली पोथी मध्येच सोडता येत नाही, शेवटी समाप्ती करून प्रसाद वाटावा लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग त्यांनी वाचता वाचताच सिस्टर मार्थाची साध्वी मार्था केली, पाद्र्याला गुरुमहाराज केलं, डॉक्टरला वैद्यराज. पिस्तूल मात्र तसंच राहू दिलं. त्या पुस्तकात तेवढाच जीव होता.

हळूहळू त्यांना याची गोडी लागली. कोर्टातून ते लवकर निघू लागले. ओसरी झाडायची, सतरंजी टाकायची, कंदिलाची काच पुसायची आणि फाटकाकडे डोळे लावून बसायचं. (चारुशीलेची वाट पाहताना त्यांनी कधी कंदील पुसला नव्हता.) पण पानं संपत आली तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. पोथी संपली की समाप्ती, समाप्ती झाली की बायका आपापल्या घरी. मग त्यांनी पदरची भर घातली. मार्थाला चिखलदऱ्याच्या जंगलात पाठवलं, तिथं वाघ आणला, वैद्यराजांना साप चाववला, विष उतरवलं आणि पुन्हा चाववला. गंगूबाई डुलक्या घ्यायची, शालू वाती वळायची, आणि वकीलसाहेब जन्मात पहिल्यांदा मनसोक्त बोलत होते.

पण श्रावण काही पदरचा वाढवता येत नाही. शेवटच्या दिवशी शेवटचं प्रकरण वाचावंच लागलं. पिस्तूलवाला निघाला मार्थाचा हरवलेला भाऊ. पिस्तूल मोडकं होतं. विहिरीत कोणी पडलंच नव्हतं. आणि डॉक्टरला इतके दिवस जे सांगायचं होतं ते एवढंच, की त्याची दूरच्या इस्पितळात बदली झाली आहे! लग्नसुद्धा नाही! वकीलसाहेबांना लेखकाच्या वतीनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खाली मान घालून, स्वतः रांधलेला, बुडाशी करपलेला शिरा वाढला. बायकांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

"मी म्हणतो," वकीलसाहेब घसा साफ करत म्हणाले, "दुसरी एखादी पोथी लावायची का? अकोल्याहून मागवतो. याहून चांगली."

पार्बताबाईनं हात पुसले. "वकीलसायेब, पोथीत पिस्तूल रायते काय जी?"

वकीलसाहेबांच्या हातातली पळी तशीच राहिली. "म्हणजे... तुम्हांला ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी."

"मग रोज येत कशाला होता?"

"तुमी एकटेच दोघाइचं बोलून राहिले होते. मी शालूले म्हनलं, मानूस येडा होईन बाई, जाऊन बसत जाऊ."

इतके दिवस वकीलसाहेबांना वाटत होतं की आपण या बायकांना गुंगवून ठेवलंय, आणि त्या तर आपलं कामधाम सोडून त्यांना सांभाळायला येत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. कसेबसे ते म्हणाले, "म्हणजे आता उद्यापासून येणार नाही?"

"येऊ ना! काहून नाही येनार?" पार्बताबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. मग पायरीवरून वळून तिनं दोन्ही हात जोडले.

"पन एक करा जी. वाचू नका."