नाव घेऊन बोलायचं

सगुणा जे बोलली ते टीव्हीतल्या सुनेला बोलली, हे आळीत एकाही माणसानं खरं मानलं नाही. ती टीव्हीतली सून आणि तिच्या घरची सगळी माणसं रोज साडेसातला सोफ्यावर बसून सगुणाला बघतात, हे मात्र सगळ्यांनी एका दिवसात मान्य केलं. सगुणाचा संताप होता तो याच गोष्टीचा. "डोळ्याला दिसतंय ते मानायला काय अक्कल लागती? मी तोंडानं सांगते ते माना की, मुडद्यांनो!" असं ती नळावर बोलली, किराणा दुकानात बोलली आणि बिड्या जमा करायच्या ओट्यावरही बोलली. लोक म्हणायचे, "जाऊ द्या ना आता, मावशी." जाऊ द्या म्हणजे मानत नाही, एवढं कळायला चौथीची शाळा पुरते, आणि सगुणा चौथी पास होती.

बघण्याची गोष्ट तशी साधी होती. दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी सगुणानं टीव्ही लावला, तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं आणि वर बघितलं, तर कारखानीसांच्या बंगल्यातली माणसं सोफ्यावर ओळीनं बसून तिच्याकडं बघत होती. माईसाहेब, म्हणजे त्या घरातली सासू, चष्मा पुसत म्हणाल्या, "आजही पानंच कापतेय."

"आणि साडी कालचीच आहे," थोरली सून शर्वरी म्हणाली.

"झोपताना शालू नेसणारीनं मला साडी शिकवू नये," सगुणा म्हणाली.

सोफ्यावर हशा पिकला. माईसाहेबांनी मान डोलावली. "आजचा भाग जरा बरा आहे."

दुसऱ्या दिवशी सगुणा केबलच्या ऑफिसात गेली. इरफान केबलवाल्यानं तिची तक्रार नीट ऐकून घेतली, कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागं ठेवली आणि सांगितलं, "मावशी, ते तुम्हाला दिसतात, ती लाईन माझी. तुम्ही त्यांना दिसता, ती लाईन माझी न्हाई. त्यांचा केबलवाला येगळा. त्यांनीच कंप्लेंट केली पाहिजे."

"ते कशाला करतील? फुकट बघायला मिळतंय त्यांना."

"मग काय विषयच संपला."

विषय खरंच संपला. शेजारच्या गयाबाईला तर गुन्ह्यांच्या मालिकेतला इन्स्पेक्टर बघत बसायचा. तिनं टीव्हीवर फडकं टाकलं आणि आपली कामाला लागली. सगुणानं फडकं टाकलं नाही. घरात दुसरं बघणारं होतंच कोण? नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगा चाकणला कंपनीत होता आणि सणाला यायचा. आणि अनसूया गेली होती.

अनसूया म्हणजे पलीकडच्या खोलीतली. दोघींच्या घरात भिंत एकच, आणि लग्न होऊन आल्यापासून दोघींचं बसणंही एकच. संध्याकाळी अनसूया आपलं सूप घेऊन यायची, सगुणाच्या डाव्या हाताला पाट टाकून बसायची, आणि दोघी बिड्या वळत मालिका बघायच्या. बिडी वळायला डोळे लागत नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड मुडपलं, दोरा बांधला. बोटं आपली चालतात, डोळे मोकळे राहतात. पण तोंडाला मात्र त्या खोलीत नियम होता. मालिका चालू असताना बोलायचं नाही. जाहिरात लागली की बोलायचं, आणि ज्याला बोलायचं त्याचं नाव घेऊन बोलायचं. हा नियम अनसूयेनंच घातला होता. ती म्हणायची, "खोलीत चार बाया येत्यात, जात्यात. बिननावाचं बोलणं जिच्या अंगावर पडंल तिचं व्हतं." म्हणून मग, "ही मधुलिका जळो," "हा शर्वरीचा नवरा नुस्ता शेंबडा," असं नीट नावानिशी चालायचं. शिवी असो, कौतुक असो, ज्याचं त्याला पोचायचं.

पितृपक्षातल्या एका संध्याकाळी शर्वरीचा नवरा परत आला. तो मधुलिकेबरोबर पळून गेला होता, तिला सोडून आजारी पडून परत आला, आणि शर्वरीनं दार उघडून त्याला घरात घेतलं. जाहिरात लागली. सगुणा इतकी पेटलेली की नियम विसरली. तोंडातून गेलं, "असल्याला परत घरात घेती तिला लाज म्हणून न्हाई!"

नाव घेतलं नाही.

अनसूयेचा नवरा लहानू जवानीत एका बाईमागं नारायणगावला निघून गेला होता. बऱ्याच वर्षांनी खोकत परत आला, तेव्हा अनसूयेनं त्याला घरात घेतलं होतं, मरेपर्यंत त्याचं केलं होतं. त्याबद्दल सगुणानं तिला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. अनसूयेनं हातातली बिडी पुरी वळली, दोरा बांधला, सूप उचललं आणि उठली. सगुणा म्हणाली, "अनशे, आगं शर्वरीला बोलले मी!" अनसूया दारातून म्हणाली, "मंग नाव घ्यायचं व्हतं." घट बसायच्या आधी तिनं खोलीला कुलूप लावलं आणि लेकीकडं नगरला निघून गेली.

आता कारखानीसांची माणसं सगुणाला बघायची आणि सगुणा रिकामा पाट बघायची. त्यांच्यातही आपापसात मतं चालायची. माईसाहेबांचं म्हणणं होतं की गोष्ट फार रेंगाळली आहे. "हिला आपण दिसायच्या आधीपासून बघतोय; दोघी होत्या तेव्हा बघायला मजा होती. ती दुसरी काय हसायची! हिला एकटीला किती बघायचं? चहा करते, पितळी विसळते, पुन्हा बसते."

शर्वरी म्हणाली, "समोरच्या बंगल्यातले सगळे डोंबिवलीच्या एका बाईचं बघतात आता. म्हणे रोज काहीतरी घडतं."

"एक तारखेपासून आपणही तेच लावू."

"लावा, खुशाल लावा!" सगुणा कडाडली. "पर जायच्या आधी एक सांगा. माझी अनशी कशीय? दिसती का तुमाला?"

माईसाहेबांनी सुस्कारा टाकला. त्या बाई मनानं वाईट नव्हत्या. "सगुणाबाई, अनसूयाबाई आता दुसऱ्या चॅनेलला लागतात. ते चॅनेल आमच्या पॅकेजमध्ये नाही."

तेवढ्यात सगुणाच्या घरची लाईट गेली. सगुणाकडची लाईट गेली की तिकडं जाहिरात लागायची, त्यामुळं त्या दिवशीचं बोलणं तेवढ्यावरच राहिलं.

दुपारी तोच भाग पुन्हा दाखवतात. त्या वेळी कारखानीसांच्या घरी सगळे झोपलेले असतात आणि पडद्यावर नुसता रिकामा सोफा दिसतो. सगुणा तोही लावून ठेवायची. घरात आवाज नसला तरी उजेड असावा म्हणून. एक दिवस त्या सोफ्यावर मधुलिका येऊन बसली. तीच, शर्वरीचा नवरा पळवणारी. त्यानं सोडल्यावर घरातल्यांनी तिला वरच्या मजल्यावर एका खोलीत टाकलं होतं. मालिकेला ती लागायची म्हणून ठेवली होती, पण सोफ्यावर बसायची तिला परवानगी नव्हती.

"हळू आवाजात बोला," मधुलिका म्हणाली. "माझ्या खोलीत वेगळा टीव्ही आहे. त्यावर ते चॅनेल येतं."

सगुणाच्या हातातली कात्री थांबली. ज्या बाईला तिनं इतकी वर्षं पाण्यात पाहिलं, तिच्यापुढं सगुणा गुडघ्यावर सरकत टीव्हीपाशी गेली. "कशीय?"

"लेकीचं घर चांगलं आहे. त्यांना वेगळी खोली आहे, टीव्ही आहे. नातवंडं फोनवर बघतात, त्यामुळे त्या एकट्याच बघतात. बिड्या वळत नाहीत आता, लेक करू देत नाही. पण बोटं चालूच असतात, रिकामीच."

"आन्?"

"जाहिरात लागली की त्या उजवीकडे मान वळवतात. तोंड उघडतात. मग मिटतात, आणि पुन्हा समोर बघतात."

सगुणा डाव्या हाताचा पाट बघत राहिली. अनसूया डावीकडं बसायची, म्हणजे तिला सगुणा उजवीकडं. टीव्हीतल्या रिकाम्या बंगल्यात कुठंतरी घड्याळ वाजलं.

"मी शर्वरीलाच बोलले व्हते," सगुणा म्हणाली. "तू तरी मान."

मधुलिका म्हणाली, "जाहिरात तुमच्याकडे लागते, सगुणाबाई, आम्हाला तुम्ही तेव्हाही दिसता. मी वरच्या खोलीतून बघत होते. बोलताना तुमची नजर आमच्याकडे नव्हती."

सगुणानं पदर तोंडाला लावला, काढला.

"मग घाला माझ्यावर," मधुलिका म्हणाली.

"काय घालू?"

"दोष. तुमच्या गोष्टीत सगळं आहे, फक्त खलनायिका नाही. म्हणून तर अडकली आहे. आमच्याकडे असं काही झालं की माझं नाव निघतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे एका ताटात जेवतात. मी माईसाहेबांचं औषध बदललं, मृत्युपत्र बदललं, शर्वरीचं बाळसुद्धा बदललं होतं. तुमच्या तोंडातलं एक वाक्य बदलायला मला किती वेळ लागतो? तुम्ही बोलायला गेलात चांगलंच. मी बदललं."

सगुणानं त्यावर नीट विचार केला. त्यात चूक काही दिसत नव्हती. जी बाळ बदलू शकते ती वाक्य बदलू शकते. "पर तुला हाकलतील."

"हाकलतील."

"मंग तुला काय मिळणार ह्यातनं?"

"मला बघून सगळे तोंड फिरवतात," मधुलिका म्हणाली. "तुम्ही दोघी फिरवत नव्हतात. दोघी मिळून माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन शिव्या द्यायचात. एक सुरू करायची, दुसरी पुरी करायची. वरच्या खोलीपर्यंत यायचं ऐकू. आता तुम्ही एकट्याच देता, आणि त्याही अर्ध्या सोडता."

सगुणानं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "च्या घेतीस का?" आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की ते जमणार नाही.

कबुली त्याच आठवड्यात झाली. मधुलिका साडेसातच्या भागात जिन्यावरून खाली आली, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की सगुणाबाईंचं वाक्य आपण बदललं. माईसाहेबांच्या हातातलं ताट पडलं. मागं संगीत जोरात वाजलं. शर्वरीचा चेहरा तीन बाजूंनी दाखवला. नगरलाही तेच दिसलं, कारण मालिका सगळीकडं एकच लागते. मधुलिकेला एका बॅगेसकट फाटकाबाहेर काढलं, आणि वरच्या मजल्यावरची खिडकी अंधारी झाली.

सकाळी आळीतली माणसं सगुणाच्या दारात आली. गयाबाई म्हणाली, "आता कसं पटलं! मला आधीच वाटलं व्हतं, तीच असणार."

"मी घसा कोरडा करून सांगत व्हते तेव्हा न्हाई पटलं?"

"तुमी तुमचंच सांगत व्हता ना, मावशी. आता टीव्हीनं सांगितलं."

सगुणा सूप उचलून आत गेली.

अनसूया नगरहून संगमनेर गाडीनं आली. हातात पिशवी, पिशवीत लेकीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू. स्वतःच्या खोलीचं कुलूप न काढता ती आधी सगुणाच्या दारातून आत आली, पाट उचलला, त्यावरची धूळ बघितली. "पाट पुसत नव्हतीस व्हय गं?"

"कोण बसणार व्हतं त्याच्यावर?"

अनसूया बसली, सगुणाच्या डाव्या हाताला. सगुणानं आपल्या सुपातली अर्धी पानं तिच्यापुढं सारली. साडेसात झाले, टीव्ही लागला. सोफ्यावर कारखानीसांचं अख्खं घर दाटीवाटीनं बसलं होतं. ड्रायव्हरसुद्धा मागं येऊन उभा होता. माईसाहेब शेजारी बघून पुटपुटल्या, "आली गं बाई, आली," आणि पदराच्या टोकानं डोळे टिपले. डोंबिवलीच्या बाईचं नाव कुणी काढलं नाही.

दोघी वळत राहिल्या. अनसूयेची बोटं आधी जरा अडखळली, मग लागली. मालिका चालू होती म्हणून कुणी बोललं नाही. सगुणाची नजर मधूनच त्या अंधाऱ्या खिडकीवर जात होती.

आणि लाईट गेली.

पडदा काळा झाला. खोलीत तंबाखूचा वास तेवढा राहिला. दोघींना ठाऊक होतं की तिकडं आता जाहिरात लागली, म्हणजे आता त्यांना कुणी बघत नाही, आणि आता बोलायची वेळ.

"शर्वरीनं त्याला घरात घ्यायला नको व्हतं," अनसूया अंधारातून म्हणाली. नाव घेऊन म्हणाली.

सगुणानं हातातलं पान सुपात ठेवलं.

"मी घेतला," अनसूया म्हणाली. "मला लाज न्हवती असं न्हाई. लई व्हती. पर तो दारात बसून खोकत व्हता, सगुणे. मी काय करणार व्हते?"

"काय सुदिक न्हाई. दुसरं काय करता येत न्हाई," सगुणा म्हणाली.

अनसूयेनं अंधारातच चाचपून पान कापलं.

"मंग त्या दिवशीचं ते कुनाचं बोलणं?" अनसूयेनं विचारलं. "जाहिरात हाय. नाव घेऊन सांग."

सगुणानं तोंड उघडलं. आळीतल्या सगळ्यांची तोंडं बंद करणारी बाई ती, पण नाव काही बाहेर पडेना. कुठलंच. अंधारात तिच्या गुडघ्यावर एक हात आला, पानाच्या ओलीचा, आणि तिथंच राहिला.

"ऱ्हाऊ दे. मी घेते," अनसूया म्हणाली, आणि बिडीला दोरा बांधता बांधता तिनं नाव घेतलं. "मधुलिका."