ऑलिफंटचा खरा चेहरा

“हा चेहरा रबरी आहे. डोळे तर मेलेल्या माशाचे. कुणी केलाय हा?”

लॉस एंजेलिसहून पडद्यावर आलेल्या दिग्दर्शक प्रूएटने असं विचारलं आणि वेलिंग्टनच्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत सगळ्यांची पाचावर धारण बसली. सकाळच्या पाहणीचा रिवाजच तसा होता. कालचं काम पडद्यावर लागायचं, दिग्दर्शकाने खोट काढायची आणि ज्याचं काम त्याने मुकाट्याने मान डोलवायची. त्यात ‘शनीचे वारस’ या सिनेमालिकेच्या पाचव्या भागातल्या राक्षसाला शाळकरी पोरंसुद्धा ‘ओला मोजा’ म्हणत होती. सहाव्या भागातही संगणकाची करामत अशीच फसली, तर ज्याच्यामुळे फसली त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा.

“माझा शॉट आहे,” ब्रॉनविन कशीबशी म्हणाली. “नीट करते.”

जागेवर येऊन तिने शॉट उघडला. तिने केली होती ती फक्त मागची यानाची खिडकी. पुढचा चेहरा कॅमेऱ्याने टिपलेला, साक्षात गार्थ ऑलिफंटचा होता. सहाही भागांचा नायक. ती धावत आपल्या साहेबाकडे गेली.

“नेव्ह, तो चेहरा आपण केलेलाच नाही. खराखुरा ऑलिफंट आहे तो.”

नेव्हने तोंडाजवळ नेलेला मटण भरलेला पफ खाली ठेवला. “मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू का नाही बोललास?”

“मला वाटलं आपलाच असेल. इतका वाईट होता.”

आता प्रूएटला सांगणार कोण, की बाबा रे, तुझा लाडका नटच रबरी आहे? नेव्हने अनुभवाचा तोडगा काढला. “उद्या तोच शॉट नवा नंबर घालून लाव. पुष्कळदा खपतं.”

दुसऱ्या दिवशी प्रूएट म्हणाला, “आधीपेक्षा बिघडवलात.”

झालं. राक्षस ऑलिफंटला गिळतो त्या दृश्यासाठी त्याच्या डोक्याची संगणकातली प्रतिकृती तयार होतीच. ब्रॉनविनने तीच काढली, डोळ्यांत ओल आणली, ओठाच्या कोपऱ्याला बारीकसा कंप दिला आणि ती खऱ्या चेहऱ्यावर चढवली. आपल्या चेहऱ्याला संगणक लावायचा नाही, असं ऑलिफंटने करारातच लिहून घेतलं होतं. “या मालिकेत खरा असा मी एकटाच,” हे तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. कळलं असतं तर तो थेट कोर्टात गेला असता.

“हं, आता माणूस वाटतो,” प्रूएट म्हणाला. ब्रॉनविनच्या जिवात जीव आला, पण तो टिकला नाही. शुक्रवारी ऑलिफंट स्वतः आपला चेहरा तपासायला येणार असल्याचा निरोप आला.

“ओळखणार तो,” ती रडवेली होऊन म्हणाली. “स्वतःचं थोबाड कुणाला कळत नाही?”

“मागे बस आणि श्वास घेत राहा,” नेव्ह म्हणाला. त्याचा स्वतःचा शर्ट पाठीला चिकटला होता.

शुक्रवारी ऑलिफंटने सगळी दृश्यं पाहिली. ब्रॉनविनचं दृश्य त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

“याला म्हणतात अभिनय,” तो म्हणाला. “इथे मला हात लावला नाहीत, त्याबद्दल आभारी आहे.” मग त्याचा आवाज चढला. “पण बाकीच्या सगळ्या दृश्यांत तुम्ही संगणक फिरवलाय. बाहुला दिसतो मी तिथे. ते काढा आणि मी जसा आहे तसा दिसू द्या. कुणाचे उद्योग हे?”

“होता एक,” नेव्ह म्हणाला. “कालच काढून टाकला.”

“बरं केलंत.”

ऑलिफंटची गाडी फाटकाबाहेर पडली. मग नेव्ह मागच्या रांगेत ब्रॉनविनशेजारी येऊन बसला.

“सिनेमाभर आहे तो,” तो म्हणाला. “सोमवारपासून त्याचे सगळे चेहरे बदलायला लाग. वर्षभराचं काम पक्कं झालं तुझं.”

“आणि त्याला कळलं तर?”

“तर तो काढून टाकलेला माणूस तू होतीस,” नेव्ह म्हणाला.