उजागरे सरांचं 'कोणते?'

उजागरे सरांसमोर अनेकवचन वापरायचं तर उलटतपासणीची तयारी ठेवावी लागे. "पाहुणे आलेत," म्हटलं की सर विचारत, "कोणते?"

"पुण्याचे."

"पुण्याचे पुष्कळ आहेत. जे काय करतात, ते?"

"जे दिवाळीला आले होते आणि छत्री विसरून गेले, ते," असं पूर्ण सांगितलं, की मगच सर आमच्या पाहुण्यांना आमच्या घरात बसू देत.

सर नगरच्या एका हायस्कुलात अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, इंग्रजी शिकवत. चाळीत ते माझे शेजारी. इंग्रजी व्याकरणातल्या एकाच प्रकरणावर त्यांचा जीव होता. 'हू' किंवा 'विच'नं सुरू होणारं उपवाक्य अनेकवचनी नामाला कसं जोडायचं, ते प्रकरण. या उपवाक्याला ते शेपूट म्हणत. "अनेकवचन म्हणजे नुसती गर्दी, संपादक. शेपूट लावलं की त्यातली माणसं दिसायला लागतात." मी एका दैनिकात साधा उपसंपादक होतो. सरांनी दिलेली बढती शेवटपर्यंत चाळीपुरतीच राहिली.

भाजीवाल्या सखूबाईला त्यांनी तयार केलं होतं. "वांगी ताजी हायेत," एवढ्यावर ती थांबत नसे. "जी तुमच्या हातात हायेत ती कालची, सर. जी पाटीच्या तळाला हायेत ती आजची. घ्या आता, वर्ग सुटला." चर्चमध्ये पाळकांनी एकदा पापी लोकांवर प्रवचन दिलं. बाहेर पडताना सरांनी त्यांना गाठलं. "पाळकसाहेब, कोणते पापी? जे शेवटच्या बाकावर झोपले होते ते, की आम्ही सगळेच?" पाळक म्हणाले, "उजागरे, पुढच्या रविवारी तुम्ही बाहेरच बसा." सर पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर बसले.

सरांच्या स्वतःच्या घरात मात्र अनेकवचनी काही नव्हतं. एक खुर्ची, एक पलंग, एक कप. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

दर वर्षी पहिल्या दिवशी ते फळ्यावर एक वाक्य लिहीत. 'माय स्टुडंट्स हू वर्क हार्ड विल पास.' माझे जे विद्यार्थी मेहनत करतात, ते पास होतील. मग वर्गाकडे वळून विचारत, "यात तुम्ही आहात का?" पोरं खाली बघत. बहुतेक बोर्डिंगात राहणारी, खेड्यांतली. इंग्रजीत नापास होणं त्यांच्या घरी ठरलेलं होतं. मग सर 'हू'च्या आधी एक आणि 'हार्ड'च्या पुढे एक स्वल्पविराम देत. "आता अर्थ बदलला. माझे विद्यार्थी सगळेच मेहनती आहेत, आणि सगळेच पास होतील. आता कोणी बाहेर नाही." ते स्वल्पविराम वर्षभर पुसायचे नाहीत, असा शिपायाला हुकूम होता.

बहात्तरच्या दुष्काळात दिवाळीनंतर बोर्डिंग अर्धं झालं. पोरं गावाकडं गेली ती परत आली नाहीत. आईबापांबरोबर ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये. हेडमास्तर म्हणाले, "मुलं गळाली, काय करणार?" सरांनी विचारलं, "कोणती?" आणि उत्तर न घेता रविवारी चर्च सुटल्यावर ते एस.टी.त बसले.

मुकादमानं त्यांना बांधाखालीच अडवलं. "शिकवा की, सर. पर हातोडी घ्या. रिकामा मानूस दिसला तर सायेब मला बोलतो." सरांनी कोट काढला नाही. हॅट घालून, टाय शर्टात खोचून ते पोरांच्या रांगेत बसले आणि दगडावर हातोडी घालत शिकवू लागले. 'द स्टोन्स विच वुई ब्रोक यस्टर्डे.' काल आम्ही जे दगड फोडले, ते. दुपारपर्यंत त्यांची खडी ओंजळभर झाली. शेवंता नावाची मुलगी आपल्या ढिगातली खडी हळूच त्यांच्या ढिगात सारत राहिली. "सायबाला दिसू दे, सर बी कामाचं हायेत."

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. परत आले की फोड आलेले तळवे माझ्या पत्नीच्या हळदीपुढे धरून सर पोरांचं सांगत. "शेवंतानं आज मलाच प्रश्न घातला. म्हणाली, माणसाला 'हू' आणि दगडाला 'विच'. मंग खडी फोडनाऱ्याला काय लावायचं, सर?"

"मग?"

"हातोडी खाली ठेवली. म्हटलं, 'हू'. शेवटपर्यंत 'हू'च." मग म्हणाले, "ती पास होईल, संपादक. जो तिच्या शेजारी खडी फोडतो, तो मारुतीही होईल."

रोज सकाळी ते आमचा अंक घेऊन येत. 'दुष्काळी कामांवर मजुरांची रीघ' या मथळ्यावर बोट ठेवत. "कोणते मजूर?"

"सर, बातमीला चार ओळींची जागा असते."

"जागा नसेल तर गर्दी छापू नका."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी एस.टी.च्या कंडक्टरनं नगरच्या स्टँडवर बातमी आणली. तलावाच्या कामावर मुरुमाची दरड कोसळली; कामावरची पोरं दबली. त्याला एवढंच माहीत होतं. कार्यालयात तालुक्याच्या बातमीदाराचा फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गेलेल्या पोरांची नावं मी लिहून घेतली. त्यांतली दोन मला पाठ होती. बातमीला चार ओळींची जागा मिळाली.

घरी आलो तर सर आमच्या ओट्यावर बसले होते. कोट अंगात, हॅट मांडीवर. स्टँडवरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, हे बघताक्षणी कळलं. पत्नीनं समोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

मी चप्पल काढली. "सर, फोन आला होता," म्हणालो.

वर्गात मध्येच बोलणाऱ्या मुलाला थांबवावं, तसा त्यांनी हात वर केला. तळव्यावरची हळद अजून गेली नव्हती.

"जरा थांबा. तुम्ही सांगेपर्यंत सगळी आहेत."

मी त्यांच्याशेजारी बसलो. समोरच्या नळावर बायका घागरी लावून उभ्या होत्या. नळाला पाणी आलं नव्हतं. सखूबाई उरलेली पाटी घेऊन गेली. सरांना बघून ती थबकली आणि तशीच पुढे गेली. सर हॅटच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. एक पूर्ण फेरा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

मग त्यांनी हॅट डोक्यावर नीट बसवली, चर्चमध्ये उभं राहण्याआधी ओढत तसा कोट ओढला आणि माझ्याकडे न बघता रोजचाच प्रश्न विचारला.

"हं. कोणती?"