कबायीची पाळी

सन दोन हजार तेवीसची गोष्ट. गोव्यात दिवचलच्या, म्हणजे डिचोलीच्या बाजूला, सर्वणजवळच्या एका वाड्यावर जत्रेच्या पालखीपुढं पायघोळ पांढरी कबाय घालून चालायचा मान घरोघर पाळीनं फिरे. त्या साली तो दत्ताराम मास्तरांच्या घरी आला. मास्तर पंचाहत्तरी ओलांडलेले. पुन्हा पाळी येईतो कोण जिवंत, कोण फोटोत! म्हणून त्यांच्या बायकोनं, प्रभावतीनं, पेडण्याचं सगळं माहेर जेवायला बोलावलं होतं.

जत्रेआधी देवळात बैठक भरली. देवस्थानचे अध्यक्ष शिवदासबाब यांनी मास्तरांना कबायीविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. मास्तरांना दोन शब्दांत थांबता आलं असतं, तर प्रभावतीचा अर्धा जन्म सुखात गेला असता. कबाय हा शब्द आपल्याकडं पोर्तुगिजांच्या तोंडून आला, असं ते खुशाल सांगून बसले.

सभा गार पडली.

"म्हणजे फिरंग्यांचां वस्त्र आमी देवापुढे घालतांव?" शिवदासबाबांनी विचारलं.

प्रभावतीनं खांबाआडून डोळे वटारले. मास्तरांना मात्र सावरायची हुक्की आली. पोर्तुगिजांनी तरी तो कुठं घडवला, त्यांनी अरबांकडून उचलला, असं ते म्हणाले. तेव्हा गप्प बसलेलेही बिथरले.

मास्तर घायकुतीला आले. देवळाची चावी, अभिषेकाची बादली, पुजाऱ्याचा पगार, सगळे शब्द पोर्तुगिजांच्याच गलबतातून उतरलेत, ते टाकणार का, असं त्यांनी विचारलं. पगारच बुडतो की काय म्हणून पुजारी गणेशभट घाबरून उठला.

"शब्द खंय जाय थंय घाला. माका पगार मेळूंक जाय."

अखेर तोडगा निघाला. वस्त्र तेच ठेवायचं, नाव बदलून 'देववस्त्र' म्हणायचं. प्रभावतीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात शिवदासबाब खाकरले. नाव नवं, तर पाळीही नव्यानं सुरू, आणि पहिलं घर अध्यक्षांचं, असं त्यांनी जाहीर केलं. मास्तरांचं घर शेवटी गेलं.

"आनी आमची पाळी?" प्रभावतीनं विचारलं.

"कबायीची पाळी तुमचीच, वयनी. तिका कोण हात लायता? पण आता कबाय खंय आसा?"

शिवदासबाब त्या साली पालखीपुढं मिरवले. अजून तेच अध्यक्ष आहेत. गणेशभट पगारच घेतो. वाडा अजून कबायच म्हणतो, पाळी लावायच्या दिवशी तेवढं देववस्त्र. प्रभावतीचं माहेर जेवून गेलं. ती त्यानंतर पेडण्याला फिरकली नाही. आणि मास्तर? नात हर्षा एखादा शब्द कुठून आला म्हणून विचारते, तेव्हा ते आधी बायकोकडं बघतात आणि हळूच सांगतात, "दिवचलच्या बाजारातल्यान गो, बाय."